दिनविशेष : २४ जून १९६० – ‘अ‍ॅव्रो ७४८’ आकाशात

मँचेस्टरजवळच्या वुडफर्ड धावपट्टीवरून ‘अ‍ॅव्रो ७४८’ या प्रवासी विमानाने आजच्या दिवशी पहिले उड्डाण केले. जुन्या डकोटा विमानांची जागा घेण्यासाठी बेतलेले, रोल्स-रॉईसची दोन डार्ट टर्बोप्रॉप इंजिने असलेले हे विमान आखूड, ओबडधोबड धावपट्टीवरही निभावून न्यायचे. भारताने तर ते उडण्याआधीच, १९५९ मध्ये, उत्पादनाचा परवाना घेऊन टाकला होता, धाडसच म्हणायचे! कानपुरात जोडलेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी झेपावले. पुढे तिथे एकूण ८९ अ‍ॅव्रो तयार झाली. इंडियन एअरलाइन्सने १७ घेतली, उरलेली हवाई दलाकडे गेली. हवाई दलात त्यांची जागा घेण्यासाठी ५६ ‘सी-२९५’ विमानांचा करार झाला तो थेट २०२१ मध्ये.