पुतळा, मोती आणि प्रयोगशाळा

हल्ली पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या 'स्टार्टअप'ची बातमी असतेच. पवईच्या आयआयटीतली मुलं शिकता शिकता कंपनी काढतात, याचं आमच्या घरातल्या तरुण मंडळींना भारी अप्रूप. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कारखाना निघण्याची गोष्ट आपल्या मुंबईला काही नवीन नाही.

१८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, हे आपण शाळेत शिकलो. तो पुतळा पुढे साफ कोणी केला, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते काम केलं प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. गृहस्थ मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आधी बडोद्याला होते, मग मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. चापेकरांचा राग आणि गज्जरांची विद्या, दोन्ही एकाच पुतळ्यावर! इतिहास असाही असतो.

या कामाने गज्जरांचं नाव झालं. काळवंडलेले मोती उजळ करून देण्याची युक्तीही त्यांनी शोधली, तेव्हा मोत्यांचे व्यापारी त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांनी मुंबईत स्वतःची 'टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी' काढली. पुढे १९०७ साली त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह 'अलेंबिक' ही कंपनी उभी राहिली. बडोद्याची ही औषध कंपनी आजही चालू आहे. गुरू-शिष्यांनी मिळून काढलेला कारखाना म्हणायचा हा!

हे तेव्हा कसं जमलं? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, राजाश्रय. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर १८९० साली बडोद्यात कलाभवन निघालं, त्यामागे गज्जर होते. दुसरं, गिऱ्हाईक. मोती काळवंडला की व्यापाऱ्याची झोप उडते, तो पैसे मोजायला तयार असतो. तिसरं, भाषा. धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावं, असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाला रसायन कळायचं तर ते त्याच्या बोलीत सांगायला हवं. मराठीत बी.ए. झालेल्या माझ्यासारख्या मास्तरला हे तिसरं कारण सगळ्यात मोठं वाटतं!

पुढे १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच माटुंग्याचा यूडीसीटी, आताची आयसीटी. गिरण्यांच्या शहराला रंग, ब्लीचिंग जाणणारी माणसं हवीच होती. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आणि घरडा केमिकल्सचे केकी घरडा इथलेच विद्यार्थी. मात्र हे कारखाने विद्यापीठाचे नव्हेत, विद्यार्थ्यांचे. विद्यापीठाने शिकवलं, पुढचं ज्याचं त्याने पाहिलं.

संस्थेनेच जागा द्यावी, सल्ला द्यावा, ही रीत आली ती अलीकडे. पवईला २००४ साली त्यासाठी 'साइन' नावाची संस्था निघाली. तिच्या आसऱ्याने वाढलेली 'आयडियाफोर्ज' ही ड्रोनची कंपनी आयआयटीच्याच मुलांनी २००७ साली काढली. 'थ्री इडियट्स' सिनेमातलं ते उडणारं यंत्र त्यांचंच. सैन्य आणि पोलीस गिऱ्हाईक झाले, आणि २०२३ साली कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे पुन्हा तेच, आश्रय आणि गिऱ्हाईक!

एक गोष्ट मात्र नवी, ती म्हणजे हक्क. सरकारी पैशातून लागलेला शोध कोणाचा? अमेरिकेने १९८० साली कायदा करून तो विद्यापीठाला ठेवू दिला. आपल्याकडे तसं विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं, पण कायदा झाला नाही. २००९ साली मात्र सरकारी संस्थांतल्या शास्त्रज्ञांना कंपनीत भाग घ्यायची मुभा मिळाली.

इथे मनात थोडी धाकधूक होते. शिकवणारा कारखानदार झाला, तर वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराकडे कोण बघणार? आणि जनतेच्या पैशातून आलेली विद्या चार जणांच्या खिशात गेली तर? याचं उत्तर नियमांत शोधावं लागेल, नुसत्या शंकेने ते मिळणार नाही. कारण दार बंद ठेवलं तर विद्या कपाटात पडून राहते, हेही नोकरीभर पाहिलंय.

आमच्या वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेली, १९८९पासून अभिमत विद्यापीठ. तिथून जवळच कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असतात. त्या संस्थेच्या प्रयोगशाळेतून एखादा उद्योग निघावा आणि तो कोळीवाड्यातल्या मुलीने तिच्या भाषेत चालवावा, असं फार वाटतं. गज्जरांनाही तेच आवडलं असतं.

असो. पवईला शिकलेले भाचे-पुतणे हे वाचत असतील, तर त्यांनी आपलं मत जरूर कळवावं. शंका असतील तर त्याही चालतील.