रणगाडा विकून उभी राहिलेली बालशाळा

बालवाडीच्या पालकसभेत सूचना मागितल्या की दोन सूचना हमखास येतात. एक, मुलांना लवकर लिहायला शिकवा. दुसरी, घरी करायला काहीतरी द्या. आपण शिक्षक मंडळी मनातल्या मनात हसतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. पण या पालकांना बालवाडीतले दिसते तरी काय? घरी येते ती फक्त वही. मग सूचनाही वहीबद्दलच येणार. हा तिढा सोडवण्याचा एक दीर्घ प्रयत्न इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरात झाला. तो मुळापासून पाहण्यासारखा आहे.

१९४५ च्या वसंतात दुसरे महायुद्ध युरोपात संपत आले होते. रेज्जोजवळच्या व्हिल्ला चेल्ला या खेड्यातील लोकांनी लहान मुलांसाठी शाळा बांधायचे ठरवले. पैसा कोठून आणणार? पळून जाणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे त्यांनी विकले. जमीन एका शेतकऱ्याने दिली, विटा आणि तुळया बॉम्बने पडलेल्या घरांतून काढल्या, वाळू नदीतून आणली. ही बातमी ऐकून पंचवीस वर्षांचा एक प्राथमिक शिक्षक सायकलवरून तेथे पोचला. बायका जुन्या विटा धुऊन रचत होत्या. ‘मी शिक्षक आहे,’ असे त्याने सांगितल्यावर, खरे असेल तर आमच्याबरोबर कामाला ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याचे नाव लोरिस मालागुत्सी. पालकांची पहिली सूचना ही अशी, नेमणुकीच्या स्वरूपातच आली!

त्या काळी इटलीतल्या बहुतेक बालशाळा धर्मसंस्थांच्या हाती होत्या. लोकांनी स्वतः चालवलेली शाळा ही नवीच गोष्ट होती. लवकरच शहराभोवतीच्या गरीब वस्त्यांत अशा आणखी सात शाळा निघाल्या. मुले कुपोषित, घरी बोली बोलणारी. शाळेची प्रमाण इटालियन त्यांना परकी वाटे. (आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांना हे वाचून ओळखीचे वाटेल.) शिक्षकांनी पालकांनाच मदतीला बोलावले. एकत्र काम कसे करायचे हे मात्र कोणालाच येत नव्हते. इच्छा भरपूर, अनुभव शून्य.

१९६३ मध्ये नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा काढली. वर्गखोल्या दोन, मुले साठ. अशा शाळेवर विश्वास ठेवायला बरेच नागरिक तयार नव्हते. मग शिक्षकांनी आठवड्यातून एकदा शाळाच बाहेर नेली. कधी चौकात, कधी बागेत, कधी नाट्यगृहाच्या खांबांखाली मुले काम करत आणि जाणारे-येणारे थांबून पाहत. १९६७ मध्ये पालकांच्या शाळाही नगरपालिकेकडे आल्या. पण पालक बाहेर पडले नाहीत. १९७२ च्या नियमावलीने शाळेच्या कारभारात त्यांना रीतसर जागा दिली.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची नोंदी ठेवण्याची पद्धत. मूल काय म्हणाले, मातीचा घोडा उभा राहीना तेव्हा त्याने काय करून पाहिले, हे शिक्षक टिपून ठेवत. छायाचित्रांसह या नोंदी भिंतीवर लागत. संध्याकाळच्या बैठकीत पालकांसमोर गुण नसत, विचार करणारे मूल असे. साहजिकच बोलणे ‘किती अक्षरे आली’ यापाशी अडकून राहत नसे. हे खर्चाचे काम नाही, कष्टाचे मात्र आहे. नोंद लिहायला रोज वेळ काढावा लागतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात तो निघत नाही, हेही खरे.

विरोध झालाच नाही असे नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये सरकारी रेडिओवरून या शाळांविरुद्ध सात दिवस मोहीम चालली. या शाळा मुलांना बिघडवतात, धर्मसंस्थांच्या खासगी शाळांना त्रास देतात, असे आरोप झाले. मालागुत्सींनी खुलासा छापून पाठवला नाही. त्यांनी नेहमीचे नियोजन बाजूला ठेवले आणि टीका करणाऱ्या धर्मगुरूंनाच शाळेत चर्चेला बोलावले. जवळजवळ पाच महिने ही उघडी चर्चा शाळांतच चालली. सुरुवातीचा कडवटपणा हळूहळू ओसरला, आणि दोन्ही बाजू एकमेकांचे ऐकू लागल्या.