राखेपासून लाल पोटॅशपर्यंत : मक्याच्या दाण्यामागचा इतिहास

चुलीतली राख परसातल्या झाडांना घालायची, ही आपली जुनी रीत. त्या राखेत पालाश असतो. ‘पोटॅश’ हा शब्दही राखेतूनच आला. युरोपात राखेचं पाणी भांड्यात आटवत. भांडं म्हणजे पॉट आणि राख म्हणजे ॲश. 1840 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी ठासून सांगितलं, की पीक जमिनीतून जी खनिजं उचलतं, ती तिला परत द्यावी लागतात. 1861 मध्ये जर्मनीतल्या स्टासफुर्टला पोटॅशचा कारखाना निघाला आणि राखेची जागा खाणीने घेतली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारा पोटॅश थांबला. अमेरिकेत भाव दहापटींहून अधिक चढले. नेब्रास्कातल्या खारट तळ्यांचं पाणी आटवून पोटॅश काढू लागले. त्यावर अँटिऑक नावाचं गाव भरभराटीला आलं. युद्धानंतर जर्मन माल परतला आणि ते ओस पडलं.

आता मक्याकडे वळू. नत्र दिलं की शेत हिरवंगार होतं, ते डोळ्यांना दिसतं. पालाशचं काम दिसत नाही. तो पानातली साखर दाण्यापर्यंत पोहोचवायला मदत करतो, पाण्याचा ताण सोसायला बळ देतो, धाट मजबूत ठेवतो. तो कमी पडला की आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. पुढे वाऱ्यात पीक लोळतं, कणसाचं टोक रिकामं राहतं, दाणा हलका भरतो. म्हणजे शेत हिरवं दिसलं तरी वजनात मार बसतो.

आपल्याकडे 1961 मध्ये मक्याचे पहिले संकरित वाण आले. उत्पादन वाढलं, तशी जमिनीतून होणारी उचलही वाढली. पण पोटॅश आपण जवळजवळ सगळाच बाहेरून आणतो. ऑगस्ट 1992 मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं किंमत-नियंत्रण काढलं, युरियावरचं ठेवलं. पोटॅश महागला, युरिया स्वस्त राहिला. देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण 1991-92 मध्ये 5.9 : 2.4 : 1 होतं, एका वर्षात ते 9.5 : 3.2 : 1 झालं. शेतकऱ्याचं चुकलं नाही, त्याने खिशाकडे पाहिलं. तोटा मात्र जमिनीने सोसला.

आणखी एक गंमत पाहा. मक्याने उचललेल्या पालाशचा मोठा भाग दाण्यात नव्हे, धाटात आणि पानांत असतो. कडबा गोठ्यात गेला आणि शेण शेतात परतलं नाही, तर तो पालाशही गेला. सगळ्याच जमिनींना सारखी गरज नसते. काळ्या जमिनीत तो बहुधा बरा असतो, हलक्या-रेताड जमिनीत कमी. म्हणून आधी माती तपासा, मग गोणी आणा.

राख टाकणाऱ्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. पण घेतलेलं परत द्यायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. भेटू पुढच्या भागात.