भिंतीवरची दमयंती

शहापूर असो की भंडाऱ्याकडचे दुसरे एखादे गाव, जुन्या घराच्या ओसरीवर तसबीर दिसतेच. घरी सीता, शकुंतला, दमयंती. शाळेत जिजाबाई, अहिल्याबाई. मुले विचारतात, "गुरुजी, ह्या खरंच अशा दिसायच्या का?" गुरुजींनी काय सांगावे?

दमयंतीचेच घेऊ. ती आपल्या विदर्भाच्या भीमराजाची लेक. महाभारतात तिच्या रूपाची कीर्ती आहे. पण तिला समोर बसवून कुणी चित्र काढलेले नाही. हंसाचे बोलणे ऐकत उभी असलेली, लाल साडीतली जी दमयंती आपण ओळखतो, ती राजा रविवर्मा यांनी १८९९ साली रंगवली. म्हणजे कथा फार जुनी, पण चेहरा सव्वाशे वर्षांचा!

केरळातल्या किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पुराणकथांची चौदा चित्रे काढली. राजवाड्यातली चित्रे लोकांनाही मिळावीत, म्हणून १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं एकेका रंगासाठी वेगळा दगड असे. कागद एकामागून एक दगडांवर दाबला, की रंगावर रंग चढून चित्र पुरे होई. देवळाची पायरी ज्यांना चढू देत नसत, त्यांच्याही घरी अशा तसबिरींतून देवी आली. हे काम लहान नव्हे.

पण रोज पाहिलेले चित्र हळूहळू इतिहास वाटू लागते. द्रौपदीचेच बघा. वर्ण सावळा म्हणून तिचे नाव कृष्णा. व्यासांनी तिचे रूप वाखाणले ते त्या सावळ्या रंगासकट. तरी तसबिरींत ती बहुधा गोरीच! मग मागच्या बाकावरची सावळी पोर मनात काय म्हणत असेल? राणी व्हायचं तर गोरंच असावं लागतं, असंच ना?

तिला अजिंठ्याची गोष्ट सांगा. आपल्या विदर्भातल्या वाकाटक राजांच्या काळी, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, तिथली कित्येक चित्रे रंगली. हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून घेतले. पहिल्या लेण्यात तर एक सावळी राजकन्या आहे. त्या चित्रकारांना सावळा रंग राजघराण्याला शोभणारा वाटला.

याच घराण्यात प्रभावतीगुप्ता होऊन गेली. पती दुसरा रुद्रसेन वारला, मुले लहान. तेव्हा राज्य तिने सांभाळले. राजधानी नंदिवर्धन, रामटेकजवळ, म्हणजे आपल्यापासून फार लांब नव्हे. तिची तसबीर कुठल्या भिंतीवर नाही. मात्र पुणे आणि रिद्धपूर येथे मिळालेल्या ताम्रपटांत तिचे नाव आणि तिने दिलेली दाने कोरलेली आहेत. चेहरा गेला, काम उरले.

तेव्हा गुरुजी, तसबिरी काढून टाकू नका. त्या सुंदर आहेत, राहू द्या. फक्त मुलांना दोन प्रश्न विचारायची सवय लावा: हे चित्र कुणी काढले? केव्हा काढले? मग एक दिवस पाटीवर त्यांनाच प्रभावती काढू द्या. कुणी तिला आपल्या आईचा चेहरा दिला, तर चूक म्हणू नका. रविवर्म्यांनीही आपल्या डोळ्यांपुढच्या बायकांवरूनच दमयंती उभी केली होती.