रोलान्ड्सएक रेल्वे स्थानक

जर्मनीत बॉनच्या दक्षिणेस, ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावर असलेले एकोणिसाव्या शतकातील स्थानक. रोलान्ड्सएक आज रेमागेन या गावाचा भाग आहे. बॉन–कोलोन रेल्वे कंपनीने आपला मार्ग 1856 मध्ये बॉनहून येथवर आणला आणि काही काळ तो येथेच संपत होता. प्रवासी आगगाडीतून उतरत आणि ऱ्हाइनमधील आगबोटीने पुढे जात. 1858 मध्ये रूळ रेमागेनकडे सरकले आणि शेवटचे स्थानक म्हणून असलेला मान गेला.

वस्तीच्या मानाने इमारत अवाढव्यच आहे. कंपनीला तिकिटे विकायची होती, त्याहून अधिक सहलीची हौस विकायची होती. म्हणून तिने नुसती तिकीटखिडकी न बांधता नवअभिजात शैलीचा प्रासाद उभारला. वर समारंभासाठी मोठे दालन केले, तर नदीच्या बाजूला ओतीव लोखंडी खांबांचे सज्जे काढले. सज्ज्यांतून समोर नोनेनवेर्थ बेट आणि पलीकडे सीबेनगेबिर्ग डोंगर दिसतात. याच बेटावर संगीतकार फ्रान्झ लिस्टने 1841 ते 1843 या काळातले उन्हाळे काढले होते. स्थानकाच्या दालनात मैफली होत. ब्राम्स आणि क्लारा शूमान यांची नावे त्या परंपरेशी जोडली जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इमारतीची रया गेली. ती पाडण्याचे घाटत असताना 1964 मध्ये कलाव्यवहारातील योहानेस वासमुथ याने ती ताब्यात घेतली. रेल्वेच्या जागेत चित्रकार, वादक आणि कवी येऊन राहू लागले. पियानोवादक स्टेफान आस्केनाझे त्यांपैकीच. ‘कलावंतांचे स्थानक’ हे नाव वासमुथच्या या खटाटोपाने मिळवून दिले. त्याचे 1997 मध्ये निधन झाले.

शिल्पकार हान्स आर्प (1886–1966) आणि त्याची पत्नी सोफी टॉयबर-आर्प यांना वाहिलेले संग्रहालय 2007 मध्ये येथे सुरू झाले. उद्घाटन चॅन्सलर अँगेला मेर्केल यांनी केले. अमेरिकी वास्तुविशारद रिचर्ड मायर याची पांढरीशुभ्र नवी इमारत मागच्या टेकडीवर आहे. प्रेक्षक जुन्या स्थानकात शिरतो, रुळांखालच्या बोगद्यातून जातो आणि उद्वाहनाने वर पोहोचतो. जुने पाडून नवे उभारण्यापेक्षा ही जोडणी कितीतरी शहाणपणाची.

स्थानकाचे मूळ कामही सुटलेले नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता निघून जातात. कोलोन–कोब्लेन्झ मार्गावरच्या स्थानिक गाड्या मात्र आजही येथे थांबतात.