उपजेची जमाबंदी

सॅक्सोफोन हे वाद्य अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने घडविले, १८४६ साली पॅरिस येथे त्याच्या हक्काची सनद मिळविली आणि पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी त्याला जॅझची वाणी दिली, हे सर्व मान्य करूनही, त्या वाद्यावर आयत्या वेळी स्वरवाक्ये उपजविण्याची जी विद्या आजचे तरुण मोठ्या कष्टाने हस्तगत करू पाहतात, तिचे शास्त्र गोदावरी आणि मांजरा यांच्या मधल्या आमच्या बीडच्या मुलखाला परके आहे, असे म्हणणे मला इतिहासाशी प्रतारणा वाटते.

तेराव्या शतकात आजचा बीड जिल्हा देवगिरीच्या यादवांच्या अमलाखाली होता. सिंघणदेवाचा पराक्रमी सेनापती खोलेश्वर याचे नाव अंबाजोगाईच्या शिलालेखांतून आजही वाचावयास मिळते. सकलेश्वराचे मंदिर, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, ते त्याच काळाचे. याच सिंघणदेवाच्या पदरी, काश्मीरहून दक्षिणेत उतरलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या दप्तराचा मुख्य अधिकारी होता. आणि राज्याचा वसूल व खर्च यांचा मेळ घालणाऱ्या या पुरुषानेच ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा महाग्रंथ सिद्ध केला. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो, कारण उपजही मापाच्या हिशेबानेच चालते.

त्या ग्रंथाच्या प्रकीर्णकाध्यायात आलप्तीचे, म्हणजे आलापविस्ताराचे, जे विवरण आहे, ते जॅझच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावे. रागालप्तीत गायक स्थायी स्वर धरून चार टप्प्यांनी वर चढतो, पुन्हा त्याच स्वराशी येऊन विसावतो. तिला बांधलेल्या गीताचे बंधन नाही. रूपकालप्ती मात्र गीताच्या आधारे चालते. तिचा एक प्रकार प्रतिग्रहणिका: गायकाने स्वतंत्र आलाप करावा आणि योग्य क्षणी गीताचा अवयव पुन्हा उचलून धरावा. दुसरा भंजनी: शब्द आणि कालमान तेच ठेवून त्याच अवयवाला, किंवा सबंध गीतालाच, नाना रूपांनी आळवावे. काळाचे माप अढळ आणि त्या मापाच्या आतली भरती प्रत्येक खेपेस नवी, हा जो जॅझच्या ‘कोरस’चा, म्हणजे गीताच्या एका पूर्ण आवर्तनाचा, कायदा, त्याच्याशी भंजनीचे हे नाते इतके निकटचे आहे, की दोन्हींच्या मधले सात शतकांचे अंतर क्षणभर विसरावयास होते. स्वरमेळांच्या क्रमावर चालणे हे मात्र जॅझचे स्वतःचे, ते आमच्याकडे नव्हते.

शास्त्र ग्रंथात राहिले, आचार गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत. बीडकडच्या कोणत्याही सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला उभे राहून पाहावे. वीणेकरी मागे, टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंगाचा ठेका बसलेला. गायक चरणातला एखादाच शब्द उचलतो, त्याला तीन-चार अंगांनी फिरवतो, तार सप्तकात नेतो. टाळ हलके होतात, मृदंगी त्याच्या तोंडाकडे पाहत असतो. आणि गायकाने ध्रुवपदाचे पहिले अक्षर समेवर ठेवताच सगळी रांग एका दमात ते उचलते. प्रतिग्रहणिका म्हणतात ती हीच; टाळकऱ्याला मात्र ते नाव ठाऊक असावे लागत नाही.

जॅझ आणि राग यांची प्रत्यक्ष गाठ पुढे पडली. मुंबईत १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, त्या शहरातले जॅझ पुढे मुख्यतः गोमंतकीय वादकांनी जोपासले, आणि त्यांतल्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचा आश्रय केला. सातासमुद्रापलीकडे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली व पुढे पुत्राला रविशंकरांचे नाव दिले.

ही उपज शिकणाऱ्याच्या अंगी कशी बाणते, हे सांगताना आता स्वप्नांविषयी बोलले पाहिजे. जॅझचा विद्यार्थी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची वादने ऐकून ऐकून, स्वरान् स्वर उतरवून मुखोद्गत करतो. असा पूर्वसूरी महिनोन्महिने कानात वसल्यावर तो निद्रेतही येऊन बोलू लागला, तर त्यात नवल ते कोणते? तुकोबांनी आपल्या आत्मकथनपर अभंगांत आधी संतवचने पाठ केल्याचे सांगितले आहे आणि विठ्ठलासह नामदेव स्वप्नात आल्याचेही. परंपरा ज्यांचा जन्म मराठवाड्यातील नरसीचा मानते, त्या नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता; त्यातली राहिलेली बाकी फेडण्याची आज्ञा त्यांनी तुकोबांना केली. म्हणजे स्वप्नातही हिशेब होताच. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो: पाठांतर आधी, स्वप्न नंतर, आणि स्वतःची वाणी त्याच्याही नंतर. बीडच्या एखाद्या मुलाने उद्या सॅक्सोफोन हाती घेतला, तर त्याने पार्करची वादने अवश्य उतरवावीत. पण सप्ताहातली एक चालही तितक्याच निष्ठेने, शब्द आणि ठेका न हलविता, त्या वाद्यावर बसवावी.