वादचर्चा-पात्रता (अमेरिकी प्राथमिक निवडणूक)

अमेरिकेत अध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकांपैकी दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत कोणी उभे राहायचे, हे जनमत चाचण्यांवरून ठरवण्याची पद्धत. निकष वस्तुनिष्ठ आणि आधीच ठरलेले असावेत, एवढेच संघीय निवडणूक आयोगाचे बंधन आहे. टक्केवारी किती आणि कोणत्या संस्थांच्या चाचण्या ग्राह्य, हे पक्षाची राष्ट्रीय समिती किंवा वाहिनी ठरवते.

पद्धती दोन. पहिली क्रमवारीची. ६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलंड येथील रिपब्लिकन चर्चेसाठी फॉक्स न्यूजने ताज्या पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी काढून १७ पैकी पहिले दहा जण निवडले. उरलेल्या सात जणांची चर्चा त्याच दिवशी संध्याकाळी आधी उरकली. त्या दुय्यम चर्चेत कार्ली फियोरिना चमकल्या. पण सीएनएनच्या पुढच्या चर्चेसाठीच्या सरासरीत जुन्या चाचण्यांचेच वजन जास्त असल्याने त्या बाहेर राहण्याची शक्यता होती. अखेर वाहिनीने नियम बदलून त्यांना मुख्य मंचावर घेतले.

दुसरी पद्धत किमान टक्केवारीची. २०१९ च्या पहिल्या डेमोक्रॅटिक चर्चेसाठी तीन चाचण्यांत १ टक्का किंवा ६५,००० देणगीदार, यांपैकी एक अट पुरेशी होती. वीस जण पात्र ठरल्याने चर्चा दोन रात्री चालली. सप्टेंबरमध्ये चार चाचण्यांत २ टक्के आणि १,३०,००० देणगीदार अशा दोन्ही अटी आल्या व मंचावर दहाच उरले. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाचण्यांतील १ टक्क्याला ४०,००० देणगीदारांची जोड दिली. डिसेंबरच्या चौथ्या चर्चेपर्यंत अट ६ टक्के व ८०,००० देणगीदारांवर गेली.

मुख्य आक्षेप नमुन्याच्या आकारावर आहे. ४०० मतदारांच्या चाचणीत १ टक्का म्हणजे चौघांचे उत्तर. एखाद-दुसऱ्या उत्तराने इच्छुक आत येतो किंवा बाहेर राहतो. चर्चेबाहेर राहिलेल्याला प्रसिद्धी आणि देणग्या मिळणे अवघड होते, त्यामुळे पुढच्या चाचणीतही तो मागेच पडतो. चाचण्यांचा असा वापर मान्य नसल्याने मॅरिस्ट या जनमत चाचणी संस्थेने २०१५ च्या पहिल्या चर्चेआधी रिपब्लिकन इच्छुकांविषयीची चाचणी काही काळ थांबवली होती.